फ्रीझरमधली कोंबडी : महिने नव्हे, तास मोजा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पोळ्याची कर होऊन एक दिवस उलटला होता. संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना पन्नाशीच्या एका ताईंना त्यांचा मुलगा रिक्षातून घेऊन आला. चार-पाच तासांत आठ-दहा जुलाब आणि तितक्याच उलट्या झालेल्या. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, नाडी जलद. सलाईन लावावी लागली. तिसऱ्या दिवशी ताई घरी जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, एक सांगा. फ्रीझरमध्ये कोंबडी नेमकी किती दिवस चालते?’

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते आधी सांगतो. गटारीला घरात चार किलो कोंबडी आली होती. दीर आणि त्यांचे कुटुंब येणार होते, ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. उरलेली दीड किलो कोंबडी दुकानातल्या काळ्या पिशवीसकट फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात गेली. महिनाभर कोणी तिला हात लावला नाही. मधल्या काळात पावसाने वीज दोनदा गेली. एकदा रात्रभर, आणि एकदा झाड तारांवर पडल्याने दीड दिवस. करीच्या दिवशी सकाळी ती पिशवी ओट्यावर काढून ठेवली, दुपारी रस्सा झाला, सर्वांनी खाल्ला. उरलेला रस्सा रात्रभर पातेल्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी मुले म्हणाली, ‘वास जरा वेगळा येतोय.’ मुलांना दिला नाही. नवऱ्याने नको म्हटले. ताईंनी मात्र एक उकळी काढली आणि एकट्यांनी खाल्ला. ‘टाकवेना हो डॉक्टर, एवढ्या पैशांची वस्तू,’ त्या म्हणाल्या.

नेमके कोणत्या जंतूने त्यांना आडवे केले, हे तपासणीशिवाय शपथेवर सांगता येणार नाही. पण चूक कुठे कुठे झाली असावी, याचा हिशेब मांडता येतो. आणि गंमत अशी, की ज्या गोष्टीबद्दल ताईंनी विचारले, ते महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवणे, ही त्यातली सर्वांत लहान चूक होती.

पुस्तकातले उत्तर

आधी सरळ उत्तर देतो. फ्रीझरचे तापमान सतत उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहत असेल, तर कोंबडी त्यात कितीही काळ ‘सुरक्षित’ राहते. एवढ्या थंडीत जंतूंची वाढ थांबते. मग पाकिटांवर आणि पुस्तकांत जे महिने दिलेले असतात, ते कशाचे? ते चवीचे असतात. सबंध कोंबडी वर्षभर, तुकडे नऊ महिने, खिमा आणि कलेजी वगैरे आतले भाग तीन-चार महिने, शिजवलेली कोंबडी दोन ते सहा महिने, असा साधारण हिशेब आहे. त्यानंतर मांस कोरडे पडते, चरबी खवट होते, रस्सा बेचव लागतो. पोटाला अपाय होतोच असे नाही.

गोठलेल्या मांसावर पांढरट, कोरडे डाग दिसतात. ती बुरशी नव्हे. हवा लागून तेवढा भाग सुकलेला असतो. तो कापून टाकावा. गोठवलेल्या कोवळ्या कोंबडीची हाडे शिजल्यावर काळपट दिसतात, तेव्हा पुष्कळ घरांत ‘कोंबडी शिळी निघाली’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. तोही दोष नव्हे. हाडातल्या मगजाचा रंग बाहेर उतरतो, इतकेच.

आता पुस्तकात नसलेले, पण आपल्या गावच्या घरांना लागू पडणारे उत्तर. त्यासाठी थंडी नेमके काय करते, हे समजून घ्यायला हवे.

थंडीने जंतू झोपतात, मरत नाहीत

मांस थंडीत टिकते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन याची एक गोष्ट सांगतात. १६२६ साली लंडनजवळ हायगेट येथे बर्फ पडलेला पाहून त्याने एक कोंबडी विकत घेतली, साफ करून घेतली आणि तिच्या पोटात बर्फ भरून ती टिकते का, हे पाहू लागला. त्या थंडीने तो स्वतःच आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत वारला. ही कथा त्याच्या मागाहून जॉन ऑब्री या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. पुढे तीनशे वर्षांनी क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसाने कॅनडातील लॅब्रॅडॉरच्या कडाक्याच्या थंडीत पाहिले, की तिथे पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनंतर शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. त्यावरून त्याने अन्न झटपट गोठवण्याची यंत्रे बनवली, आणि १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी गोठवलेले अन्न पाकिटांतून दुकानात विकायला आले.

यातला ‘झटपट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारखान्यात कोंबडी फार कमी तापमानात लवकर गोठते. घरी काळ्या पिशवीत कोंबलेला दीड किलोचा गोळा आतपर्यंत गोठायला कित्येक तास घेतो. बाहेरून दगड झाला, तरी मधला भाग बराच वेळ नुसता गारच असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे कोंबडीच्या आतड्यात राहणारे जंतू कापताना मांसाला लागतात. गोठवल्याने त्यांतले काही मरतात, पण पुष्कळसे तग धरून राहतात. बर्फ सुटला आणि ऊब मिळाली, की पुन्हा कामाला लागतात. बर्ड फ्ल्यूचा विषाणूही थंडीत टिकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला ही साथ देशात प्रथम आढळली, तेव्हाही सांगणे हेच होते, की नीट शिजवलेल्या कोंबडीपासून भय नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गीया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे बरेच रुग्ण सापडले आणि त्यांतल्या काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर मिळाला. त्या वेळी संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता. परंतु हा जंतू कच्च्या कोंबडीवरही असतो, हे त्यानिमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळले.

तेव्हा फ्रीझर म्हणजे घड्याळाचा काटा धरून ठेवणारा हात आहे. काटा तो मागे फिरवत नाही. दुकानातून निघून, बाजारहाट करून, गाडीला पिशवी लटकवून तुम्ही चार तासांनी घरी आलात, तर ते चार तास कोंबडीच्या खात्यावर जमा झालेले असतात. अनुकूल ऊब मिळाली तर साल्मोनेलासारखे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. वीस मिनिटांचा हिशेब धरला, तर एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. ही वाढ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात बारा महिने तेरा काळ.

आपला फ्रीज खरोखर किती गार?

ज्यांच्या घरी एकदारी फ्रीज आहे आणि त्यातच वरती बर्फाचा छोटा कप्पा आहे, त्यांनी हे नीट वाचावे. आपल्या गावात असे फ्रीज बहुसंख्य आहेत. बर्फ जमायला शून्य अंश पुरतात. पण बर्फ जमतो म्हणजे उणे १८ आहे, असे नव्हे. काही फ्रीजच्या या कप्प्यावर बर्फाच्या चांदण्या काढलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. विजेच्या बचतीसाठी दारावर लावलेले तारे वेगळे, त्यांची गल्लत करू नये. एक चांदणी असलेल्या कप्प्यात गोठलेले अन्न आठवडाभर, दोन असतील तर महिनाभर ठेवावे, असा संकेत आहे. चांदणीच नसेल, तर तो कप्पा बर्फाच्या खड्यांसाठी आहे असे समजावे आणि कोंबडी एक-दोन दिवसांत संपवावी. खालच्या गार कप्प्यातही कच्ची कोंबडी एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. हळद, मीठ, दही लावून ठेवले म्हणून ही मुदत वाढत नाही.

वीज गेली तर? दोनदारी फ्रीजचा किंवा वेगळा फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि दार उघडले नाही, तर त्यातली थंडी साधारण ४८ तास टिकते. अर्धा भरलेला असेल तर २४ तास. खालच्या गार भागात जेमतेम ४ तास. एकदारी फ्रीजच्या कप्प्याचा इतका भरवसा धरू नये, कारण दूध काढायला दार उघडले तरी वरची थंडी जाते.

पण आपण गावाला गेलो असताना वीज किती वेळ गेली होती, हे कळायचे कसे? यावर एक बिनपैशाचा उपाय आहे. एका वाटीत पाणी भरून ती फ्रीझरमध्ये गोठू द्यावी. बर्फ झाला, की त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. नाणे बर्फाच्या आत किंवा तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे, आणि आतली कोंबडी टाकून द्यावी. आमच्या त्या ताईंनी हे नाणे ठेवले असते, तर ते खात्रीने तळाशी मिळाले असते.

वीज आल्यावर लगेच पाहिले आणि मांसात अजून बर्फाचे कण असतील, किंवा ते फ्रीजइतके गार असेल, तर ते शिजवावे किंवा पुन्हा गोठवावे. चव उतरेल, अपाय होणार नाही. मऊ पडून दोन तासांहून अधिक काळ कोमट राहिलेले मात्र ठेवू नये. वास घेऊन पारख करण्यात अर्थ नाही. ज्या जंतूंनी वास येतो ते वेगळे, आणि ज्यांनी माणूस आजारी पडतो ते बहुधा वेगळे.

ओट्यावरचे चार तास

बहुतेक घरांत खरा घात होतो तो बर्फ वितळवताना. सकाळी ओट्यावर ठेवलेली पिशवी दुपारपर्यंत बाहेरून कोमट होते, आत दगड तसाच. बाहेरच्या भागावर जंतूंना तीन-चार तास मिळतात. बरी रीत अशी, की आदल्या रात्री कोंबडी पसरट भांड्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, सर्वांत तळाला ठेवावी. भांडे यासाठी, की तिचे लालसर पाणी कोथिंबिरीवर किंवा दह्यावर ठिबकू नये. दोन-अडीच किलोच्या सबंध कोंबडीला असे सुटायला पुरा एक दिवस लागतो. घाई असेल तर घट्ट बांधलेली पिशवी गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. गरम पाण्यात टाकू नये. लहान तुकडे असतील तर बर्फासकट शिजवले तरी चालते, फक्त दीडपट वेळ द्यावा.

धुण्याबद्दलही थोडे. नळाच्या जोराच्या धारेखाली कोंबडी धुतली, की तिचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या काकडीवर, मुलाच्या दुधाच्या कपावर उडतात. जंतू मरतात ते शिजवल्याने, धुतल्याने नव्हे. पाकिटातली स्वच्छ केलेली कोंबडी धुण्याची गरज नाही. दुकानातून कापून आणलेल्या कोंबडीला रक्त-पिसे लागलेली असतात, त्यामुळे आपल्याकडे बायका ती धुतल्याशिवाय शिजवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तर मग पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावी, पाणी सावकाश ओतून द्यावे, आणि सुरी, पाट, हात साबणाने धुवावेत. त्याच सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरू नये.

शिजवताना मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचले पाहिजे. आपल्या रश्श्यात ते सहज होते, कारण आपण खळखळ उकळतो. भीती असते ती भाजलेल्या, तळलेल्या मोठ्या तुकड्यांची. सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. आतले मांस गुलाबी आणि रस लाल असेल, तर पुन्हा चुलीवर.

‘एक उकळी काढली की झाले’

आता ताईंच्या दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याकडे वळू. माझ्या मते मुख्य दोषी तोच असावा. मोठ्या पातेल्यातला दाट रस्सा रात्रभर कोमट राहतो. उकळूनही जिवंत राहणारी काही जंतूंची बीजे त्यात असतात. कोमटपणा मिळाला की ती रुजतात. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात गेलेले काही जंतू तर असे विष तयार करतात, की ते उकळून नष्ट होत नाही. जंतू मरतो, त्याचे विष उरते. म्हणून ‘एक उकळी काढली की झाले’ ही आपल्या स्वयंपाकघरातली समजूत अर्धीच खरी आहे.

उरलेला रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा. उन्हाळ्यात तर एका तासात. तो तीन-चार दिवसांत संपवावा, किंवा चांगला फ्रीझर असेल तर लहान डब्यांत, वर तारीख लिहून गोठवावा. खाताना लागेल तेवढाच काढून खळखळ उकळावा. तोच डबा दोनदा-तीनदा गरम-गार करू नये.

कुणाच्या पोटात?

इतके लिहिल्यावर मला जे मनापासून म्हणायचे आहे, ते आता सांगतो.

आमच्या दवाखान्यात शिळ्या अन्नाने आजारी पडून येणाऱ्यांत घरातल्या बाईचा नंबर बहुधा पहिला असतो. कारण साधे आहे. ताजे सर्वांना वाढायचे आणि उरलेले आपण संपवायचे, अशी तिला सवय लागलेली, किंवा लावलेली असते. मुलांना वास आला म्हणून नको, नवऱ्याने नाक मुरडले म्हणून नको, आणि टाकले तर सासूबाई बोलणार. मग ते अन्न तिच्या पोटात जाते. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ हे खरेच आहे. पण घरातल्या बाईचे पोट म्हणजे उकिरडा नव्हे. जे मुलांना द्यायला मन धजत नाही, ते आईनेही खाऊ नये, एवढा एक नियम घराघरांत पाळला, तर माझे निम्मे रुग्ण कमी होतील आणि मला त्याचे दुःख होणार नाही. दीडशे रुपयांचा रस्सा वाचवायला ताईंच्या घरी सलाईन, औषधे आणि मुलाच्या बुडालेल्या दोन दिवसांच्या मजुरीचा खर्च आला.

काटकसर करायची ती टाकताना नव्हे, आणताना करावी. ही जबाबदारी बाजारात जाणाऱ्या पुरुष मंडळींची. आपल्या गावात कोंबडी रोज डोळ्यांदेखत ताजी कापून मिळते. मग गटारीला चार-चार किलो आणून श्रावणभर साठवायची गरज काय? पाहुणे नक्की येणार की नाही हे विचारून घ्यावे आणि मगच दुकानात जावे. बाजारहाटात कोंबडीचे दुकान शेवटी घ्यावे. उरणारच असेल, तर घरी येताच एका जेवणाला पुरतील अशा छोट्या, चपट्या पुड्या कराव्यात, स्वच्छ जाड पिशवीत हवा काढून घट्ट बांधाव्यात आणि तारीख लिहून ठेवाव्यात. चपटी पुडी लवकर गोठते आणि लवकर सुटते. काळी पिशवी घराच्या दारातच टाकावी.

आणि इतके करूनही कुणाला त्रास झालाच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा, मीठ अधिक पडू देऊ नये. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. शौचात रक्त, अंगात ताप, लघवी कमी होणे किंवा ग्लानी येणे यांपैकी काही दिसले, किंवा रोगी तान्हे मूल, गरोदर बाई वा वृद्ध असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

ताईंना त्या दिवशी मी एवढेच म्हटले, ‘ताई, फ्रीझरात कोंबडी किती महिने राहिली हे मला सांगू नका. फ्रीझरच्या बाहेर ती किती तास होती, ते सांगा.’ त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुकानातून घरी येईपर्यंत, वीज गेली तेव्हा, ओट्यावर, पातेल्यात... दोन्ही हातांची बोटे संपली, तेव्हा त्या स्वतःच हसल्या. वाचकांनीही पुढच्या वेळी एकदा असे मोजून पाहावे.